बाकावर बसायला लागलेला वेळ

मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरसाहेब म्हणाले, "रोज अर्धा तास चाला." आमची मंडळी हसली. चाळीस वर्षे चार घरची धुणीभांडी करून ती पायीच फिरली होती. आम्हीही कारखान्यात आठ-आठ तास उभे राहून निवृत्त झालो. आणखी चालायचे ते काय? डॉक्टरसाहेबांनी समजावले, कामाचे उभे राहणे वेगळे आणि न थांबता, छातीचा भाता हलेल असे चालणे वेगळे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान 150 मिनिटे असा व्यायाम सांगते.

पण चालायचे कुठे? आमच्या वस्तीतली गल्ली म्हणजे दोन हातांची. दारापुढे दुचाक्या, कडेला गटार, आणि संध्याकाळी नळाला पाणी आले की हंडे. हमरस्त्यावर फूटपाथ होता खरा, पण दर दहा पावलांवर खाली उतरा, पुन्हा वर चढा. गुडघे दुखणाऱ्या बाईला ते चालणे नव्हे, शिक्षाच.

2016-17 च्या सुमारास जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ रुंद करायला घेतला, तेव्हा आम्हीही नावे ठेवली. चांगला रस्ता कशाला उकरता? सत्तरच्या दशकात बांधलेला तो रस्ता, खड्डा पडत नाही म्हणून पुणेकर त्याचे कौतुक करतात. काम झाल्यावर एका रविवारी नातवाला घेऊन बालगंधर्व रंगमंदिराकडून निघालो. फरशी सपाट, झाडे जागच्या जागी ठेवलेली, बसायला बाक, मुलांना खेळायला साधने. नातू पुढे पळाला आणि आम्ही त्याच्या मागे. संभाजी उद्यान कधी आले ते कळलेच नाही. चालायला कुणी सांगितले नव्हते, वाटच चालवत होती.

मंडळी मात्र बाकावर बसेना. "कुणी उठवलं तर?" म्हणाली. आमच्या तोंडून शब्द फुटेना. मोठ्या लोकांच्या घरी ती आयुष्यभर फरशीवर बसून चहा प्यायली, आणि तिचा कप वेगळा असायचा. नातू शाळेत संविधान शिकतो. तो म्हणाला, "आजी, सरकारी पैशाचा रस्ता सगळ्यांचा असतो, कलम 15 मध्ये लिहिलंय." बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तो 1927 साली. आमच्या घरात एका बाकावर बसायला इतका काळ लागला. ती बसली, पण टोकावर. पुढच्या रविवारी मात्र सरकून मध्ये बसली.

तेव्हापासून आम्ही आठवड्यातून चारदा तरी जातो. तिची साखर पूर्वीपेक्षा आटोक्यात आहे, अर्थात गोळ्या चालूच आहेत. सगळे गोड आहे असेही नाही. सायकलसाठी ठेवलेल्या पट्ट्यावर मोटारसायकली घुसतात. एकदा मागून भोंगा वाजला तशी मंडळी दचकून भिंतीला टेकली, आणि नंतर आठ दिवस निघालीच नाही. जागा नुसती बांधून भागत नाही, ती राखावी लागते. 2021 च्या 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन म्हणून गाड्या बंद ठेवल्या होत्या. त्या दिवशी म्हातारी माणसे रस्त्याच्या मधून चालताना आम्ही पाहिली. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात 1974 पासून असा उपक्रम चालतो, आणि तिथे दर रविवारी शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळे मिळतात.

आमची तक्रार वेगळीच आहे. चालायला म्हणून वस्तीतून रस्ता ओलांडून पाऊण किलोमीटर जावे लागते. शेजारची लक्ष्मीबाईंच्या वयाची माणसे तिथवर पोचतच नाहीत. म्हणून गेल्या महिन्यात वस्तीतल्या बायांनी अर्ज केला, की गटारावर फरशी टाका, दोन दिवे लावा आणि कोपऱ्यावर एक बाक द्या. अर्ज मंडळीने सांगितला, नातवाने लिहिला. सव्वीस सह्या आहेत आणि नऊ अंगठे. पोच मिळाली आहे, ती तिने पिठाच्या डब्याखाली जपून ठेवली आहे.