निवांत मुक्काम

वऱ्हाडचा उन्हाळा मोठा कडक. वैशाखात अकोला-अमरावतीकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, काळी जमीन भेगाळते आणि भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. अशा वेळी उत्तरेकडील सातपुड्याची निळसर रांग वऱ्हाडच्या माणसाला खुणावू लागते. परतवाडा मागे पडले की घाट सुरू होतो, आणि वळणावळणाने वर चढून गेल्यावर सुमारे ११०० मीटर उंचीवरचे चिखलदरा येते. भीमाने कीचकाला मारून येथल्याच दरीत फेकले, म्हणून ही ‘कीचकदरा’ आणि तिचेच पुढे चिखलदरा झाले, असे लोक सांगतात. १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन येथे आला. पुढे इंग्रजांनी येथे थंड हवेचे ठिकाण वसवले.

जे स्थान सर्वांना आवडते, तेथे गर्दी झाली तर नवल ते कोणते? पावसाळ्यातील शनिवार-रविवारी भीमकुंडाच्या धबधब्यासमोर उभे राहण्यासही जागा मिळत नाही. मोटारींचे भोंगे, गाण्यांचा कर्कश आवाज आणि भाजलेल्या कणसांचा धूर यांनी पठार भरून जाते. येथे पंचबोल नावाची एक जागा आहे. समोरचे डोंगर माणसाची हाक परतवतात आणि एका हाकेचे पाच पडसाद उठतात, अशी तिची ख्याती. पण दहा जण एकदम ओरडू लागले म्हणजे कोणाचा बोल कोणता, हे कोणालाच कळत नाही. त्या दरीला स्वतःचाही काही आवाज आहे, हे तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हा गलबला ज्याला नकोसा होतो, तो राहुटी आणि शिदोरी पाठीवर घेऊन दूरची जागा धुंडाळू लागतो. सडक सोडावी, रानात शिरावे आणि पहिला ओढा लागेल तेथे राहुटी उभारावी, असे त्याला प्रथम वाटते. मेळघाटात मात्र असे करता येत नाही. १९७३ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होते. वनखात्याच्या परवानगीवाचून येथील राखीव रानात शिरणे हा गुन्हा आहे. शिवाय उन्हाळ्यात सागाच्या वाळलेल्या पानांचा थर जमिनीवर साचलेला असतो. चुलीतील एक ठिणगी उडाली तरी डोंगरच्या डोंगर पेट घेतो.

नकाशावर मोकळे दिसणारे रान खरोखर मोकळे नसते. तेथे वाघ, अस्वल, रानगवा आणि सांबर यांची वस्ती असते. तेथे रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबडही राहते. १८८४ नंतर या पक्ष्याचा खात्रीचा ठावठिकाणा कोणालाच लागला नव्हता. तो पृथ्वीवरून नाहीसा झाला, असेच जाणकार मानू लागले होते. अखेर ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, तो नंदुरबारकडील शहाद्याच्या रानात दिसला, आणि पुढे मेळघाटातही आढळला.

या शांततेसाठी माणसांनीही मोठी किंमत मोजली आहे. मेळघाट ही कोरकू लोकांची भूमी. त्यांच्या भाषेत ‘कोर’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. तेव्हा ‘कोरकू’ म्हणजे ‘माणसे’. एकविसाव्या शतकाच्या आरंभी वाघांचे रान निर्वेध राहावे म्हणून बोरी, कोहा आणि कुंड ही गावे व्याघ्रप्रकल्पातून उठून बाहेर गेली, आणि त्यांच्यामागून इतरही काही गावे गेली. पूर्वजांची थडगी, मोहाची ओळखीची झाडे आणि ओढ्यावरचे पाणवठे मागे ठेवून त्या लोकांनी नव्या जागी घरे बांधली. ज्या शांततेपायी कोणी आपले गाव सोडले, ती एका रात्रीच्या पाहुण्याने मोडावी, हे कसे शोभेल?

मग निवांत जागा शोधावी तरी कोठे? जाणता प्रवासी जागेच्या आधी वेळ निवडतो. श्रावणातल्या रविवारी गजबजलेले ठिकाण मार्गशीर्षातल्या मंगळवारी अगदी सुने असते. त्यानंतर तो परवानगीची जागा निवडतो. सिपना नदीच्या काठी सेमाडोह आणि कोलकास येथे वनखात्याने निवासाची सोय केली आहे. चिखलदऱ्याच्या पठारावर मोथा, आमझरी यांसारखी गावे आहेत. तेथे वनखात्याची हद्द कोठे संपते, ते आधी विचारून घ्यावे, मग एखाद्या शेतकऱ्याला, “बाबा, एक रात्र तुमच्या शेताच्या कडेला टेकू का?” असे नम्रपणे म्हणावे. पाणी कोठे आहे, रात्री अस्वल कोणत्या वाटेने जाते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

जागा ठरली तरी जमीन पारखून घ्यावी लागते. ओढ्याचे कोरडे पात्र सपाट आणि वाळूचे असल्याने मऊ वाटते. पण वर डोंगरात पाऊस पडला, तर तेथे क्षणात लोंढा येतो. वाळलेल्या झाडाखाली किंवा आग्यामोहोळाच्या जवळपास राहुटी ठोकू नये. पाणवठ्याच्या काठावरही तळ देऊ नये, कारण माणूस बसलेला पाहून तहानलेले जनावर पाण्यावाचून परत फिरते. थोडी उंच, सपाट आणि वाऱ्याला आडोसा असलेली जमीन सर्वांत बरी.

मग दिवस मावळतो. कंदील बारीक केला की कानांना हळूहळू ऐकू येऊ लागते. दगडांवरून वाहणारे पाणी, रातव्याचे एकसुरी ओरडणे, दूर कोठेतरी दचकलेल्या सांबराची साद, आणि वाऱ्याने गळणारे सागाचे मोठे पान. शांततेच्या पोटात किती आवाज असतात, हे त्या वेळी उमगते. ज्याने घरून गाण्याचे यंत्र बरोबर आणले, त्याला यांतले काहीच लाभत नाही. तो गर्दीपासून कोसभर दूर आला, पण गर्दी त्याने बरोबरच आणली.

सकाळी निघताना चुलीची राख पाणी ओतून थंड करावी, कागदाचा कपटादेखील पिशवीत भरून न्यावा आणि शेताच्या धन्याचा निरोप घ्यावा. सुंदर जागा सापडली की गावभर तिची दवंडी पिटण्याचा मोह होतो. पण त्या दवंडीमागोमाग मोटारी येतात, भोंगे येतात, आणि पुढच्या वर्षी तेथून पाखरे उठून जातात. ज्याला रानाची रीत कळते, अशा एखाद्याच मित्राला ती वाट सांगावी. राहुटी उठल्यानंतर तेथे केवळ दबलेले गवत उरावे, आणि दोन दिवसांत तेही पुन्हा ताठ उभे राहावे.