रिज रोडवरचा दवाखाना

चि. बाळास,


तुझं पत्र मिळालं. तालुक्याच्या गावी दवाखान्याचा जम बसतोय, हे वाचून बरं वाटलं. पण 'चित्रांची वही कपाटात टाकली, प्रॅक्टिस बसली की बघू' हे वाक्य मनाला फार लागलं. बसल्या प्रॅक्टिसला उसंत कसली, हे तुझ्या डॉक्टर आजोबांच्या घरात वाढलेल्या मला ठाऊक आहे. म्हणून आज एका डॉक्टरची हकीगत लिहिते. कॉलेजात त्याच्या कविता शिकवल्या, पण माझा जीव जडला तो त्याच्या दवाखान्यावर.

विल्यम कार्लोस विल्यम्स. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधलं रदरफर्ड हे त्याचं गाव. १८८३ साली तिथेच जन्मला, १९६३ साली तिथेच गेला. आई पोर्टो रिकोची, पॅरिसला चित्रकला शिकून आलेली. तरुणपणी हाही तैलरंगात रंगवायचा; १९१४ साली त्याने स्वतःचं व्यक्तिचित्र केलं होतं. पुढे कुंचला सुटला, पण चित्रकाराची नजर त्याच्या कवितेत शेवटपर्यंत राहिली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉक्टरी शिकताना कवी एझ्रा पाउंडशी मैत्री झाली. पाउंड युरोपात निघून गेला. विल्यम्स लायप्झिगला बालरोगांचा अभ्यास करून आला तो परत गावीच, आणि ९, रिज रोड या राहत्या घरात दवाखाना चालवू लागला. चाळीस वर्षं तेच गाव आणि त्याच गल्ल्या. पॅसेइक नदीकाठच्या गिरण्यांत राबणारी इटालियन, पोलिश कुटुंबं त्याची पेशंट होती. मंदीच्या काळात त्यांतल्या कित्येकांकडे फी द्यायला पैसे नसत. दोन हजारांवर बाळंतपणं त्याने केली, बरीचशी पेशंटच्या घरी, स्वयंपाकघरात पाणी तापत असताना. १९१८ च्या फ्लूच्या साथीत तर दिवसाला साठ-साठ व्हिजिटा व्हायच्या.

मग लिहायचा कधी? दवाखान्याच्या टेबलात टाइपरायटर बसवलेला होता. पेशंट बाहेर पडला की टाइपरायटर वर घ्यायचा, दोन-चार ओळी टाइप करायच्या आणि दारात पुढचा पेशंट आला की परत आत ढकलायचा. गाडीत बसून प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर लिहायचं. उरलेलं रात्री, माडीवर. त्याच्या कविता एवढ्या आखूड का, याची मोठमोठी कारणं समीक्षकांनी दिली आहेत. मला वाटतं, त्यांतल्या काहींची लांबी त्या पॅडनेच ठरवली असावी.

पण वेळ कसा काढायचा, एवढंच सांगायला हे पत्र नाही. डॉक्टरकी हेच त्याच्या कलेचं अन्न होतं. परक्याच्या घरात, अंथरुणापाशी, माणसं सगळ्यात उघडी असतात त्या घटकेला जायची मुभा डॉक्टरखेरीज कुणाला असते? ती माणसं कशी बोलतात, कुठे अडखळतात, काय गिळून टाकतात, ते त्याने कानांनी टिपलं आणि त्या बोलीवर आपली कविता उभी केली. लाल ढकलगाडीवरची त्याची सोळा शब्दांची कविता १९२३ साली आली आणि जगभर शिकवली गेली. ती ढकलगाडी थॅडियस मार्शल नावाच्या वृद्ध कृष्णवर्णीय भाजीवाल्याची होती. तो त्याच गावात राहायचा आणि दारोदार भाजी विकायचा. ही कविता त्या म्हाताऱ्याविषयीच्या मायेतून आली, असं विल्यम्सने पुढे सांगून ठेवलं.

सोबत त्याच्या डॉक्टरी कथांचं पुस्तक पाठवते आहे. त्यातली 'द यूज ऑफ फोर्स' आधी वाच. घटसर्पाची साथ आहे. एका गरीब घरात तीन दिवस तापाने फणफणलेली पोर तोंड उघडत नाही. डॉक्टर गोडीगुलाबीने बघतो, तर ती झडप घालून त्याचा चष्मा उडवते. लाकडी पट्टी दातांत घातली तर चावून तिचे तुकडे करते. तोंडातून रक्त येतं. बाप पोरीला धरतो, आणि ऐन वेळी हात ढिला सोडतो. आई हात वरखाली करत येरझाऱ्या घालते. शेवटी डॉक्टर चमचा मागवतो आणि घशापर्यंत घुसवतो. दोन्ही टॉन्सिल्सवर पापुद्रा चढलेला असतो. एवढे दिवस पोरीने घसा लपवला होता! पण कथा थोर आहे ती यासाठी नाही. ऐन झटापटीत आपल्याला राग चढला, तिला नमवण्यात आपल्याला सुख वाटलं, हे तो डॉक्टर स्वतःच सांगून टाकतो. दवाखान्यात रोज पोरांचे घसे बघणाऱ्या माणसाशिवाय दुसऱ्याला हे लिहिता आलं नसतं. स्वतःला एवढं न वाचवणारा लेखक मला क्वचितच भेटला.

त्याला सगळं सोपं गेलं असं मात्र समजू नकोस. १९०९ सालच्या पहिल्या पुस्तकाच्या जेमतेम चार प्रती खपल्या. १९२२ साली टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' ही कविता आली तेव्हा आपली वाट बंद झाली असं त्याला वाटलं, आणि ती सल आयुष्यभर राहिली. 'पॅटरसन' ही त्याची शेजारच्या गिरणीच्या शहरावरची मोठी कविता छापून यायला लागली तेव्हा त्याने साठी ओलांडली होती. अर्धांगाच्या झटक्याने १९५१ साली प्रॅक्टिस सोडावी लागली, ती मुलाने सांभाळली. उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने टाइपरायटरची एकेक कळ दाबत तो लिहीत राहिला. पुलित्झर पारितोषिक मिळालं ते १९६३ मध्ये, तो गेल्यावर दोन महिन्यांनी.

सूनबाईलाही हे पत्र वाचायला दे. विल्यम्सची बायको फ्लॉसी हिने अवेळी वाजणारी दाराची घंटा, रात्रीचं लिहिणं आणि त्याहून कठीण, त्याची बाहेरची प्रकरणंसुद्धा सोसली. उतारवयात त्याने तिची क्षमा मागणारी एक लांब कविता लिहिली, त्याच्या कवितांत मला ती सगळ्यात प्रिय आहे. त्याचे डोळे चालेनासे झाले तेव्हा तीच त्याला वाचून दाखवायची. तेव्हा घरातल्या माणसाच्या वेळातून चोरून चित्रं काढ, असं मी म्हणणार नाही. पण दोन पेशंटांमधली पाच मिनिटं तर तुझी आहेत ना? कोऱ्या केसपेपरांचा एक गठ्ठा खणात ठेव, आणि पुढच्या पत्रात त्यातला एखादा मला पाठव, चित्र अर्धवट असलं तरी. तुमच्या बाजाराच्या दिवशी व्हरांड्यात बसलेली माणसं मला बघायची आहेत.

तुझी,
आत्या