घाटाची जकात

मराठीतील ‘घाट’ हा शब्द उच्चारायला लहान, पण त्याचा संसार मोठा आहे. सह्याद्रीतील चढणीची वाट म्हणजे घाट. नदीच्या पात्रात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या म्हणजेही घाट. कळशीची किंवा समईची डौलदार घडण, तीही घाटच. घरात एखादे कार्य योजले की ‘लग्नाचा घाट घातला’ असे म्हणतात. छायाचित्रणाचा छंद जोपासणाऱ्या मंडळींत एक रीत आहे. एक शब्द निवडायचा आणि त्याच्या भोवती जे जे सापडेल ते टिपायचे. मग ते स्वयंपाकघरातील भांडे असो, रानातील प्राणी असो, आगगाडी असो वा डोंगरदरी. या रीतीसाठी ‘घाट’ शब्द निवडला, तर कल्याणपासून वाईपर्यंतचा एक प्रवासच आखला जातो, आणि त्या प्रवासात छायाचित्रांबरोबर एक हिशेबही हाती येतो.

या हिशेबाचे पहिले पान नाणेघाटात उघडते. जुन्नरजवळचा हा घाट सातवाहनकाळात कल्याण बंदराला देशावरच्या बाजारपेठांशी जोडत होता. कोकणाच्या बाजूने वैशाखरे गावाजवळून दोन-तीन तासांची चढण आहे. जुन्नरहून घाटघरमार्गे वाहनाने माथ्यापर्यंत जाता येते. माथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकली जाई, असे परंपरा सांगते. रांजण टिपताना केवळ त्याची गोलाई टिपून भागत नाही. मागची अरुंद खिंड आणि तिच्यापलीकडे खाली पसरलेले कोकण चौकटीत आले, तरच हा रांजण येथे का आहे ते चित्र पाहणाऱ्याला उमगते.

खिंडीच्या तोंडाशी कोकणाकडील बाजूस एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांच्या संख्या त्यात अंकांत नोंदवल्या आहेत. भारतातील अतिप्राचीन अंकलेखनाच्या नमुन्यांत या लेखाची गणना होते. पिढ्यान्‌पिढ्या वह्या लिहीत आलेल्या घरांतील माणसांना त्या भिंतीसमोर आपुलकी वाटावी, असे ते अंक आहेत. मागच्या भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती गेल्या. वर कोरलेली नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. सकाळच्या तिरप्या, सौम्य प्रकाशात ती अक्षरे उठून दिसतात. त्यांवर खडू फिरवणे किंवा पाणी ओतणे हे छायाचित्रासाठीसुद्धा करू नये. दोन हजार वर्षे टिकलेला लेख आपल्या एका चित्रासाठी झिजता कामा नये.

नाणेघाटावरून दक्षिणेकडे सह्याद्रीच्या माथ्यानेच गेले, की भीमाशंकरचे अरण्य लागते. येथे घाट म्हणजे केवळ वाट नव्हे. तो एक जिवंत अधिवास आहे. सुमारे १३० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, हा येथील मानकरी. शेपटीसह सुमारे तीन फूट लांबीची ही तांबूस खार सहसा जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर झेप घेत तिचे आयुष्य जाते. झाडांच्या फांद्या जेथे एकमेकींना भिडलेल्या असतात, तेथेच तिची वाट असते. एखादा रुंद रस्ता मध्ये आला, की माणसाची वाट सोपी होते आणि शेकरूची खुंटते.

शेकरूचे चित्र घेण्यासाठी लागतो तो संयम. फळाचा तुकडा दाखवून तिला खाली बोलावणे, झाड हलवणे, घरट्याजवळ जाणे या गोष्टी वर्ज्य मानाव्यात. पहाटे एखाद्या फळलेल्या झाडापासून दूर, निःशब्द बसून राहावे. ती आलीच तर चित्र मिळते. न आली तर हिरव्या छताचे, त्यातून झिरपणाऱ्या उन्हाचे चित्र मिळते, आणि तेही घाटाचेच असते. ज्या जीवाचे चित्र घ्यायचे त्याला आपली चाहूलही त्रासाची होऊ नये, हा विवेक सुटला तर उत्तम चित्रही तोट्याचेच ठरते.

भीमाशंकरचे रान मागे टाकून दक्षिणेस निघाले, की कर्जत आणि खंडाळ्यामधील बोरघाट येतो. येथे ‘घाट’ शब्दाला लोखंडी रूळ जोडले गेले. १८५६ साली या चढणीच्या कामाला आरंभ झाला आणि १८६३ साली मार्ग खुला झाला. ३७ फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर, असा येथला तीव्रतम चढ आहे. म्हणूनच पुण्याकडे निघालेल्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडली जातात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात. वळणावर गाडीच्या खिडकीतून पुढची आणि मागची इंजिने एकाच दृष्टिक्षेपात येतात. हे चित्र आसनावर बसूनच घ्यावे. दारात लोंबकळून किंवा रुळांवर उतरून मुळीच घेऊ नये.

या मार्गाची जकात नाण्यांत मोजली गेली नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली कामावर येऊन काही आठवड्यांतच आजाराने वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राटाची जबाबदारी स्वीकारली आणि अनुभवी अभियंत्यांच्या हातून काम तडीस नेले. त्यांची नावे इतिहासात राहिली. परंतु कॉलरा, ताप आणि अपघात यांत जे हजारो मजूर गेले, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंग्रोबाचे छोटे मंदिर आहे. घाटाची वाट साहेबांना दाखवणाऱ्या धनगराचे हे स्थान; वाट कळल्यावर त्यालाच मारण्यात आले, असे लोककथा सांगते. आजही येणारे-जाणारे वाहनचालक तेथे नाणे टाकतात. नाणेघाटातील नाणे सक्तीचे होते. शिंग्रोबाला वाहिलेले नाणे कृतज्ञतेचे आहे. ही दोन चित्रे शेजारी मांडली, की त्यांना मथळ्याची गरज उरत नाही.

घाट चढून पुण्यात आल्यावर हाच शब्द डोंगर सोडून हातात येतो. कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या पत्र्याला हातोडीने आकार दिला जातो. हंडा, घंगाळ, बंब हे कधीकाळी घरोघरचे सोबती. भांड्याच्या अंगावर ओळीने उमटलेल्या चकाकत्या ठोक्यांना मठारकाम म्हणतात. ते केवळ शोभेचे नसते; प्रत्येक ठोक्याने धातू अधिक कठीण होतो, भांडे बळकट होते. अर्थात या घाटाचीही जकात आहे, आणि ती कारागिराचे मनगट भरते. जवळच, बाजीराव रस्त्यालगत, राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ ते उभारले. दिवे, अडकित्ते, दौती, भांडी अशा नित्याच्या वस्तूंचा घाट किती परींनी खुलतो, ते तेथे दिसते. तो पाहून घरी परतलेल्या माणसाला माळ्यावरच्या आजीच्या पितळी डब्याकडे नव्याने पाहावेसे वाटते.

प्रवासाचा शेवट कृष्णाकाठी, वाईला. ढोल्या गणपतीसमोरचा घाट, जवळच्या मेणवलीतील नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा चंद्रकोरी घाट. येथे पायऱ्या पाण्यात उतरतात आणि पाण्यात त्यांचे प्रतिबिंब पुन्हा वर चढते. पहाटे वारा पडलेला असताना हे रूप पूर्ण दिसते. अशा घाटांचा खर्च कोणा सरदाराने, कोणा दात्याने केला. उपभोग मात्र साऱ्यांचा. पाणी भरणारी स्त्री, पोहणारी मुले, थकलेला वाटसरू यांच्याकडून येथे कोणी काही मागितले नाही. पायऱ्यांच्या झिजलेल्या कडा तेवढ्या त्या वापराची पावती देतात. आज त्याच पायऱ्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या दिसतात, तेव्हा त्या चौकटीबाहेर ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा. ते आपल्या पिढीचे देणे आहे, आणि वहीतून देणे वगळल्याने ते फिटत नाही.

सुट्टीच्या दिवसांत कुटुंबाने मिळून असा एखादा शब्द निवडावा. हाती साधा मोबाइल असला तरी पुरे. ‘घाट’च हवा असे नाही, ‘वाट’, ‘माप’, ‘दार’ असे कितीतरी शब्द घरातच पडून आहेत. मुलांनी चित्रे टिपावीत, वडीलधाऱ्यांनी त्यांमागची हकिगत सांगावी, आणि प्रत्येक चित्राखाली एक ओळ लिहावी : ही वस्तू, ही वाट, हे रान आपल्याला मिळाले, तेव्हा त्याची किंमत कोणी चुकवली? व्यापारात जमेइतकीच नावेची बाजू स्वच्छ लिहिणारा माणूस विश्वासास पात्र ठरतो. पाहण्याचेही तसेच आहे.