उत्तरेची बाल्कनी, पश्चिमेचा वारा

फ्लॅट बघायला गेलं की आपण पार्किंग विचारतो, पाणी विचारतो, ‘व्हेंटिलेशन’ विचारतो. बाल्कनीचं तोंड कुठे, हे कोण विचारतं? तो प्रश्न पडतो तो पहिली कुंडी घरात आली की!

माझी बाल्कनी बाणेरला, आठव्या मजल्यावर. तोंड उत्तरेला, समोर दुसरी बिल्डिंग. थेट ऊन फक्त उन्हाळ्यात, तेही सकाळ-संध्याकाळ तिरकं. वारा मात्र भरपूर. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा असा घुसतो की दोरीवरचे कपडे शेजाऱ्यांकडे. त्यात अॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं. आणि मला हवी होती वेल. समोरच्यांचा किचन ओटा रोज किती दिवस बघणार?

आईने फोनवर यादी दिली : जाई, जुई, मधुमालती, कृष्णकमळ. सांगलीच्या अंगणात हे सगळं मांडवभर फुलतं. पण या सगळ्या उन्हाच्या वेली. रोजचं चार-पाच तास ऊन नसेल तर नुसत्या काड्या लांबतात आणि कळी दिसत नाही. मग सावलीत वाढणारं काय असतं, हे बघायला एका रविवारी थेट एम्प्रेस गार्डन गाठलं.

रेसकोर्सच्या शेजारची ही ३९ एकरांची बाग. जानेवारीतल्या फ्लॉवर शोला सगळं पुणं लोटतं, पण एरवी इथे निवांत फिरता येतं. आत शिरल्यावर बघायची ती गारंबीची प्रचंड वेल. खोड कसलं, अजगरच! जमिनीवरून वळसे घेत झाडांवर गेलेली. तिच्याखाली उभं राहिलं की गोष्ट लक्षात येते. जंगलातली वेल सावलीतच जन्मते. उजेड वर आहे हे तिला ठाऊक असतं, तिला फक्त आधार हवा असतो. म्हणजे आपल्यालाही शोधायची ती अंगणातली नाही, जंगलातली वेल!

मनी प्लांट, सिंगोनियम, हृदयाच्या आकाराच्या पानांचा फिलोडेंड्रॉन ही मंडळी त्याच जातकुळीतली. झाडाच्या बुंध्याला मुळांनी धरून चढणारी. सावलीचा प्रश्न इथे सुटतो. उरतो वारा. वारा दोन कामं करतो : पानांतलं पाणी ओढून घेतो आणि मोठी पानं फाडतो. मनी प्लांटची गंमत अशी की तो जितका वर चढेल तितकं पान मोठं होतं. मोठ्या झाडावर तेच पान ताटाएवढं होतं! म्हणून वाऱ्यात त्याला कमरेएवढाच ठेवायचा आणि शेंडा खुडायचा. खुडलेला तुकडा पाण्याच्या बाटलीत टाकला की ऑफिसच्या डेस्कची सोय झाली.

दुसरी निवड नागवेल, म्हणजे आपलं खायचं पान. मिरजेकडच्या पानमळ्यांत शेवरी आणि शेवग्याच्या सावलीत ती वाढते. सावली तिला आवडते, पण वारा अजिबात सोसत नाही. म्हणून ती मनी प्लांटच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात. तिसरी होया. पानं जाड आणि मेणचट, त्यामुळे वाऱ्याने लवकर सुकत नाहीत. ती ठेवली तिरकं ऊन येतं त्या टोकाला. जमलं तर मेणाच्या वाटाव्यात अशा फुलांचे घोस येतात. फुलं गळल्यावर देठ मात्र कापायचा नाही, पुढचा घोस त्याच देठावर येतो.

भिंतीला चिकटणारी क्रीपिंग फिग सावलीतही छान वाढते. पण ती काढताना रंगही घेऊन येते, आणि डिपॉझिट आपलं असतं! भाड्याच्या घरात वेलीने आधार कुंडीतच घ्यावा. घर बदललं की काठीसकट टेम्पोत चढवता येते. आईला जुई नाही म्हटल्यावर जरा वाईट वाटलं. पण पुढच्या वेळी आली की जेवणानंतरचं पान बाल्कनीतलं असेल, हे ऐकून गडी खूश!

लक्षात ठेवा

* वेल चढलेली काठी म्हणजे वाऱ्याला शीडच. कुंडी रुंद बुडाची आणि जड घ्या. नुसतं कोकोपीट हलकं पडतं, त्यात माती आणि शेणखत मिसळा.
* कुंडी जमिनीवरच ठेवा, काठी रेलिंगला बांधा. आठव्या मजल्यावरून पडलेली कुंडी जीव घेऊ शकते. कठड्यावर काहीही नको.
* काठीला काथ्या गुंडाळा आणि तो ओला ठेवा. कोरड्या काठीला मुळं धरत नाहीत.
* पूर्ण बंद आडोसा लावला तर वारा वरून उसळून आत येतो. जाळी त्याचा जोर मोडते.
* पाणी घालण्याआधी बोट मातीत घालून बघा. वाऱ्याने वरची माती लवकर सुकते, सावलीत खालची ओलीच राहते.
* घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर मनी प्लांट, सिंगोनियम आणि फिलोडेंड्रॉन हाताशी नकोत. पानं चावली तर तोंडाची आग होते.