लॅमिंग्टन रोडवरून जयगडला

प्रवासवर्णन लिहायचे तर लेखकाने निदान बदरीकेदारपर्यंत तरी जाऊन यावे, असा आपल्याकडे संकेत आहे. माझा यंदाचा प्रवास डोंबिवली ते ग्रँट रोड एवढाच झाला. जाताना खिशात पैसे होते, येताना मांडीवर एक खोके होते. पण त्या खोक्याच्या जोरावर आम्ही उभयता पुढे कोकणात जाऊन आलो, आणि तेही विमानाने! तेव्हा वाचकांनी या मजकुराला प्रवासवर्णन म्हणून घ्यावे, एवढी विनंती.

प्रथम या उद्योगाचे कारण सांगितले पाहिजे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो तेव्हा आम्ही दोघांनी ठरवले होते की, दरमहा थोडे पैसे पोस्टात टाकायचे आणि पाच वर्षांनी मनसोक्त हिंडायचे. पोस्टाने आपले काम चोख केले. शरीराने केले नाही. गेली दोन वर्षे सौ.चे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस चालू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधला दिवस थकव्यात जातो. तिचे माहेर जयगडच्या खाडीकाठचे. एका दिवसात तिथे जाऊन येणे धडधाकट माणसालाही जड; डॉक्टरांनी तर साफ नाही म्हटले. पोस्टातले पैसे मुदत भरून हाती आले, आणि प्रवास मात्र उरला नाही, अशी आमची गत झाली.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने आपला जुना संगणक माझ्याकडे ठेवून दिला होता. त्यात ‘फ्लाइट सिम्युलेटर’ नावाचा विमान चालवण्याचा खेळ होता. मायक्रोसॉफ्टने हा खेळ पहिल्यांदा 1982 साली आणला, तेव्हा जमीन म्हणजे काही रेघा आणि विमान म्हणजे काही काटे, एवढाच त्याचा संसार होता. आता त्यात उपग्रहांनी आणि विमानांनी टिपलेली छायाचित्रे जोडून सारी पृथ्वी मांडली आहे. म्हटले, एक दिवस हिला माहेरी नेऊन आणू.

नेले, पण ते नेणे न नेण्यासारखेच. मुलाने घरी चार के जातीचा मोठा दूरदर्शन संच आणून दिला होता, आणि संगणकातले ग्राफिक्स कार्ड होते 2016 च्या वाणाचे, जीटीएक्स 1060. एवढ्या मोठ्या पडद्यावर त्याचा जीव मेटाकुटीला येई. समुद्र निळ्या जाजमासारखा दिसे, झाडे जवळ गेल्यावर अचानक उगवत, आणि विमान बैलगाडीसारखे हिसके देत चाले. गणपतीपुळ्यापर्यंत पोचलो आणि सौ.ने डोळे मिटून घेतले. “मला गरगरतंय, उतरवा हो खाली,” ती म्हणाली. त्या दिवशी माझ्या मनात आले, पोस्टातले पैसे प्रवासासाठीच होते ना? मग प्रवासालाच लावू!

भाच्याला बरोबर घेतले. तो या विद्येतला जाणकार. दादरला गाडी बदलून धिम्या लोकलने ग्रँट रोडला उतरलो. या भागाची गंमत अशी की, दोन इंग्रज गव्हर्नर इथे अजून ठाण मांडून बसले आहेत. स्टेशनाला नाव रॉबर्ट ग्रँटचे, आणि पूर्वेला पाच-सात मिनिटे चालले की लागतो तो रस्ता लॉर्ड लॅमिंग्टनचा. हा गृहस्थ 1903 ते 1907 मुंबईचा गव्हर्नर होता. त्याआधी तो ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला होता. तिकडे चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेला एक केक त्याच्या घराण्याच्या नावाने अजून खातात. 1940 साली लंडनच्या कॅक्सटन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा हा लॅमिंग्टनही जखमी झाला होता. रस्त्याचे नाव बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाले त्याला कितीतरी वर्षे लोटली. पण गिऱ्हाईक, दुकानदार आणि टॅक्सीवाला या तिघांच्याही तोंडी लॅमिंग्टनच आहे.

माझ्या तरुणपणी हा रस्ता दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता, सिनेमा आणि सुटे भाग. इथल्या ‘मिनर्व्हा’त 1975 साली लागलेला ‘शोले’ पाच वर्षे मुक्कामाला होता. आता मिनर्व्हा नाही. ‘नाझ’च्या इमारतीत चित्रपटांचे सौदे होत. आणि या सगळ्या झगमगाटाच्या पायाशी फळीवर मांडलेले रेडिओचे भाग विकत बसलेली माणसे असत. 1977 साली पहिल्या पगारातून मी इथूनच भाग नेऊन घरी रेडिओ जोडला होता. त्यात सहा ट्रान्झिस्टर होते. सहाही मला तोंडओळखीने ठाऊक होते!

आता फळ्यांच्या जागी काचेची दुकाने आहेत आणि रेडिओच्या जागी संगणक, कॅमेरे, वायरींची भेंडोळी. पण रस्त्याचा स्वभाव तोच आहे. हमाल डोक्यावर खोकी घेऊन गर्दीतून वाट काढतो, पोरे “काय पाहिजे साहेब?” म्हणून आडवी येतात, आणि तीन हात रुंदीच्या दुकानात सहा माणसे आणि साठ खोकी सुखाने नांदतात.

पहिल्याच दुकानात एकाने आम्हाला फार स्वस्तात एक कार्ड दाखवले. नवेच आहे, फक्त खोके फाटले आहे, असे त्याचे म्हणणे. भाच्याने ते उलटून पाहिले आणि मला कोपराने ढोसले. बाहेर आल्यावर सांगितले, “मामा, आभासी चलनाच्या खाणीत राबलेलं दिसतंय ते.” मागे इथेरियम नावाचे नाणे कमावण्यासाठी लोक अशी कार्डे डझनावारी लावून रात्रंदिवस चालवीत. बाजारात कार्डे मिळेनाशी झाली होती. सप्टेंबर 2022 मध्ये त्या नाण्याची पद्धतच बदलली, खाणी बंद पडल्या आणि थकलेली कार्डे बाजारात आली. घाण्याला जुंपलेला बैल झूल घालून विकायला काढावा, त्यातला प्रकार.

दुसऱ्या दुकानातले कच्छी शेठ वयाने माझ्याएवढेच. माझी मागणी होती आरटीएक्स 5080 ची. मुलाने सांगितले होते, त्याच्या वर एकच पायरी, 5090. आणि तिला तर वीज लागते 575 वॉट! शेठनी माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “काका, पैसे जास्त झालेत का?”

मग त्यांनी जे समजावले ते एखाद्या चांगल्या मास्तरासारखे. 5080 आणि तिच्या खालची 5070 टीआय या दोन्ही कार्डांत चिप एकाच जातीची असते, तैवानच्या कारखान्यात घडलेली. जिचा सगळा जोर लावता येतो ती मोठ्या नावाने विकतात. जिचा काही भाग बंद ठेवतात ती धाकट्या. स्मरणशक्ती दोन्हींची सारखीच, 16 जीबी. मोठीला वीज 360 वॉट, धाकटीला 300. किमतीत मात्र लाखाच्या अलीकडचा आणि पलीकडचा फरक. “विमानाच्या खेळाला स्मरणशक्ती महत्त्वाची. ती सारखीच आहे. उरलेल्या पैशांत दुसरं काहीतरी करा.”

मी चिप केवढी असते म्हणून विचारले. शेठनी टपालाच्या तिकिटाएवढी खूण केली. भाचा म्हणाला, “मामा, त्यात 4,560 कोटी ट्रान्झिस्टर आहेत.” मी त्या रस्त्याकडे पाहिले. इथूनच मी सहा नेले होते!

काम तरी काय एवढ्या फौजेला? आमच्या पडद्यावर सुमारे 83 लाख ठिपके आहेत. त्यातल्या प्रत्येकाचा रंग ठरवायचा आणि असे सेकंदाला साठ वेळा करायचे, म्हणजे सेकंदाला 50 कोटी ठिपक्यांचा हिशेब. एकटा हुशार कारकून हे करू शकत नाही. हजारो साधे कारकून एका वेळी बसवावे लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ती कचेरी.

कचेरी आली की तिचा सरंजाम आला. माझ्या संगणकातला वीजपुरवठा 450 वॉटचा, तो बदलून 750 चा घ्यावा लागला. सौ.च्या शिवणाच्या टेपने मी पेटीचे माप आणले होते; आत 30 सेंटीमीटरच जागा होती, आणि बहुतेक कार्डे त्याहून लांब. शेठनी माळ्यावरून आखूड बांध्याचे एक शोधून काढले म्हणून पेटीचा खर्च वाचला, नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा. 18 टक्के जीएसटी धरून कार्डाचे नव्वद हजारांना थोडे कमी पडले. नोटा मोजताना माझा हात अडखळला. एवढ्या पैशांत हिच्या औषधांचे किती महिने निघतील, हा हिशेब मनात आल्यावाचून राहिला नाही.

शेठना ते कळले असावे. पावतीवर कार्डाचा क्रमांक उतरवता उतरवता म्हणाले, “एक सांगतो काका. कार्ड चित्र काढतं. नकाशा कार्डात नाही. गावाचा फोटो जसा असेल तसंच गाव दिसेल. नंतर मला बोल लावू नका.”

रात्री भाच्याने कार्ड बसवले. जाड तार टक्क आवाज होईपर्यंत दाबली, बटण दाबले, पंखे फिरले, आणि पडदा काळाठिक्कर! दहा मिनिटे घरात सुतक होते. शेवटी सौ.नेच खुर्चीतून विचारले, “ती टीव्हीची वायर जुन्याच भोकात आहे का रे?” तशीच होती. काढून ती नव्या कार्डाच्या पाठीत लावली, आणि उजेड पडला.

दुसरा दिवस मंगळवार, मोकळा. सकाळी रत्नागिरीच्या धावपट्टीवरून लहानसे सेसना उडवले. किनारा उजवीकडे ठेवून उत्तरेला निघालो. समुद्रावर खरोखरीचे ऊन पडले होते, लाटांच्या पांढऱ्या कडा हलत होत्या. हिसका म्हणून नाही. गणपतीपुळे गेले, केशवसुतांचे मालगुंड गेले. पंधरा मिनिटांत जयगडचा दीपस्तंभ, किल्ला आणि शास्त्री नदीचे रुंद मुख समोर आले. सौ. खुर्चीत पुढे सरकून बसली होती.

“आता खाडीत घ्या. सावकाश. ते दुसरं वळण.”

वळण आले. गाव आले. आणि तिच्या घराच्या जागी एक सपाट छपराचे, कोणाचेही नसलेले घर उभे होते. वरून टिपलेल्या फोटोवरून यंत्राने अंदाजाने बांधलेले. कौले नाहीत, पडवी नाही, विहीर नाही. मी तिच्याकडे बघायचे टाळले. नव्वद हजारांत मी हिला एक परके घर दाखवले होते.

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “घर चुकलंय त्यांचं. पण खाडीचं वळण बरोबर आहे. आणि तो कडा बघा, तिथून आम्ही तारवं मोजायचो.” मग बोटाने दाखवत सुटली. इथे विहीर, इथे काजूचे झाड, ही शाळेची वाट, इथे भरतीला पाणी पायरीपर्यंत यायचे. तासभर मी त्या खाडीवर घिरट्या घातल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्या गावी कितीदा तरी गेलो आहे. पण त्या काठावरची ही तारवे मला त्या दिवशी प्रथम कळली.

आता मंगळवार ठरून गेला आहे. उरलेल्या पैशांतून मी तिच्यासाठी एक चांगली पाठीची खुर्ची घेतली. आजवर आम्ही कोकणाबरोबर काशी पाहिली, हिमालय पाहिला. पण परतताना एकदा खाडीवरून यावेच लागते.

कार्डाची हमी तीन वर्षांची आहे. पावती मी टेबलाच्या खणात टाकली होती. सौ.ने ती काढून, घडी नीट करून, देवघराखालच्या फडताळात स्वतःच्या हाताने ठेवली आहे.