बापाचा रकाना

ऊस चाचणीच्या शेतावर मी पंचवीस वर्षं एक रजिस्टर लिहिलं. आता पुतण्याबरोबर बगॅसच्या कांड्या पाडतो. गुऱ्हाळावर ज्याला चिपाड म्हणतात, तेच कारखान्यातून भुगा होऊन आलं की बगॅस. त्याच्या दाबून केलेल्या कांडीला बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. रंगानं ती तपकिरी असते, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

उसाला तुरा आला की आपला शेतकरी हळहळतो. कोईमतूरचा पैदासकार मात्र त्याच तुऱ्याची वाट बघत बसतो. तिथली संस्था 1912 सालची. बार्बर आणि वेंकटरामन यांनी तिथे जाड, रसाळ उसाचा संकर काश गवताशी लावला. शरदात ओढ्याकाठी पांढरा तुरा डुलवणारं तेच हे काश. त्यातून आलेला को 205 हा वाण 1918 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती पडला. ‘को’ म्हणजे कोईमतूर. को 86032 मधलं 86 हे साल. आई को 62198, बाप कोसी 671.

सगळ्यांचंच असं सरळ नसतं. पाडेगावच्या फुले 265 ची आई को 87044. बापाच्या रकान्यात नुसतं ‘जीसी’, म्हणजे तुरा मोकळा ठेवलेला, पराग कुठल्या उसाचा ते वाऱ्याला ठाऊक. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच एका रोपाच्या ओळीत मी शेजारच्या वाफ्यावरून अंदाज बांधून बापाचं नाव शाईनं लिहून टाकलं होतं. साहेबांनी ते खोडायला लावलं, तेही एकाच रेघेनं, खालचं वाचता येईल असं. ‘चूकसुद्धा नोंदच असते,’ एवढंच बोलले आणि चहाला गेले. मला तेव्हा राग आला होता.

रजिस्टरमध्ये शेवटून दुसरा रकाना तंतूचा. तो आम्ही उरकून टाकायचो. साखर किती, खोडवा कसा येतो, काणी लागते का, हेच सगळे विचारत. तंतू जास्त म्हणजे चोथ्याबरोबर रस वाया, म्हणून तो कमीच बरा. काशानं उसाला काटकपणा दिला, खोडव्याचा जोम दिला, आणि त्याबरोबर हा तंतूही दिला. आज मी त्याच रकान्यावर जगतो.

कांडीत डिंक नाही, खळ नाही. दाबानं आणि घर्षणाच्या उष्णतेनं तंतूतलं लिग्निन मऊ पडतं, थंड होताना घट्ट धरतं. सगळी मेख ओलाव्यात. गिरणीतून निघताना बगॅस निम्मा पाणीच असतो. आम्हाला लागतो दहा टक्क्यांच्या आसपास. मुठीत दाबून सोडला की भुगा लगेच मोकळा व्हावा, तळव्याला गारवा लागू नये. एका श्रावणात घाई केली. डायमध्ये, म्हणजे कांडीच्या साच्यात, वाफ कोंडली, कांडी फटाक्यासारखी फुटली आणि तिचे तुकडे पत्र्याच्या छतावर टाणटाण वाजले. कुणाला लागलं नाही. दिवसभर मशीन उघडून बसलो.

घट्टपणा तपासायला दाराशी पाण्याची बादली ठेवली आहे. चांगली कांडी दगडासारखी तळाला जाते. मोकळा भुसा मात्र इतका हलका, की ट्रक शिगोशीग भरला तरी काट्यावर निम्माही दिसत नाही.

माझी वही इथेही आहे. गाडी, ओलावा, माती किती (माती डाय खाते), आणि सवयीनं एक रकाना: वाण. कारखान्याच्या आवारात सगळ्या शेतांचा ऊस एका पट्ट्यावर चढतो, त्यामुळे तिथे रोज ‘मिश्र’.

‘काका, रोज तेच लिहायचं तर रकाना कशाला?’ पुतण्या विचारतो.

गेल्या हंगामात एका गाडीत भुशात अर्धवट चेपलेलं कांडं सापडलं. जाड, डोळा ओळखीचा वाटला. मी वाण लिहिला: 265. कांडं पुन्हा उजेडात फिरवून बघितलं आणि पेन घेऊन त्यावर एक रेघ मारली.