पाट्यातली फट

गेल्या पावसाळ्यापासून उजव्या हाताची दोन बोटं मला काही सांगेनाशी झाली आहेत. तीस वर्षं ग्राइंडर धरला, त्याची थरथर नसांत मुरली, असं डॉक्टर म्हणतात. दुखत काही नाही. पण गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर भार देऊन ती खाली दाबली आणि सोडली, की ती किती उसळते, एकदा हलून थांबते की दोनदा, हे तळव्याला आपोआप कळायचं, ते आता कळत नाही. माझं सगळं काम त्या तळव्यावर चाललं होतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी पाट्यांचं, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या कमानदार लोखंडी पट्ट्यांचं, काम करतो. आधी उसाचे ट्रक आणि ट्रॉल्या. मग एक ट्रेकर मुलगा जिप्सी घेऊन आला. लडाखला न्यायचीय, सामान भरलं की मागून बसते म्हणाला. तेव्हापासून डोंगरात मुक्कामाला जाणाऱ्या गाड्या येत राहिल्या. कॅरिअर, कॅनचे स्टँड, मागचे ड्रॉवर, सगळं केलं. मन रमलं ते पाट्यांत, आणि अडलंही तिथंच.

गाडी घरातून निघते तेव्हा तिच्या पाठीवर ६० लिटर पाणी असतं, २० लिटर जादा पेट्रोल, शिधा, गॅस. आठव्या दिवशी पाणी संपलेलं, पेट्रोल टाकीत गेलेलं, शिधा पोटात. शंभरेक किलो उतरलेले असतात. पहिल्या दिवसासाठी बेतलेला पाटा तेव्हा दगडासारखा होतो. आठव्या दिवसासाठी बेतावा, तर गाडी पहिल्याच घाटात रबरावर आपटते. लोखंड एकच, गाड्या दोन. उसाच्या ट्रकला ही अडचण नसते. तो भरून जातो, रिकामा येतो, आणि मागं कुणी माणूस बसलेलं नसतं.

एक निवृत्त मास्तर, त्यांच्या बाई आणि मुलगा स्पितीला निघाले होते. त्यांच्या जिप्सीला मी मागं दोन-दोन पाटे वाढवून दिले. भरलेली गाडी दारातून निघाली तेव्हा मागून बोटभरही झुकली नव्हती, आणि मी छाती फुगवून बघत उभा होतो. ती मंडळी किन्नौरकडून चढली आणि काझा, कुंझुम करून उतरली. त्या वाटेवरचा सगळ्यांत वाईट तुकडा म्हणजे बातल ते ग्रामफू, आणि तो नेमका शेवटी येतो, गाडी सगळ्यांत हलकी झालेली असताना. कुंझुम खिंड ४,५५१ मीटरवर आहे. तिथं बाहेरच्या हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यापेक्षा थोडाच जास्त, त्यामुळं खाली भरलेले टायर उन्हात आणखी टणक होतात. बाई मागच्या सीटवर होत्या. परत आल्यावर दीड महिना त्यांना जमिनीवर बसता आलं नाही. मास्तर मला एक शब्द बोलले नाहीत, उलट पेढे देऊन गेले. ते पेढे मला गिळवले नाहीत.

त्यानंतर मी पाटे वाढवणं बंद केलं आणि हेल्परच्या मागं लागलो. थराच्या अगदी खाली एक जाड, कमी कमानीचा पाटा ठेवायचा. गाडी हलकी असताना वरचे पाटे त्याला टेकत नाहीत. भार आला, कमान सरळ होत आली, की टेकतात आणि तो कामाला लागतो. हे ट्रकवाल्यांचं जुनंच ज्ञान. पण टोकाशी फट किती ठेवायची? ट्रकमध्ये बोटभर इकडं-तिकडं चालतं. जिप्सीसारख्या हलक्या गाडीत दोन मिलिमीटरनं स्वभाव बदलतो. फट मोठी झाली तर हेल्पर खड्ड्यातच एकदम भेटतो आणि धक्का थेट कण्याला बसतो. लहान झाली तर तो कायमच टेकलेला, म्हणजे पुन्हा मास्तरांची गाडी. कमान थंड पाट्यावर घण मारूनच काढावी लागते, गरम केला की पाणी उतरतं. त्यात दोन पाट्यांच्या मधे स्पितीची धूळ शिरते. ग्रीस लावलं तर धूळ आणखी धरते, न लावलं तर पाटे अडून बसतात आणि फटीचा सगळा हिशोब वाया जातो. मी एका जिप्सीचा थर सतरा वेळा उतरवला आहे.

हाताखाली आयटीआय झालेली एक मुलगी आहे. बोटांचं मी तिला सांगितलं नव्हतं, तिनं ओळखलं. एक दिवस म्हणाली, "मामा, दाबून कशाला बघायचं? उसाच्या काट्यावर घालूया की." काटामारीच्या गोष्टी ऐकतच वाढलेला मी माणूस, काट्यावर माझा विश्वास बसत नाही. तरी भरलेली एक जिप्सी घेऊन गेलो. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची. पुढं ५९०, मागं ९४०. दहा किलोच्या पायरीनं दाखवणारा काटा, पण एवढं पुरे होतं. मागच्या बंपरला टांगलेला टायर आणि कॅन मिळून ६० किलो, ॲक्सलच्या मीटरभर मागं. तिनं पाटीवर मांडून दाखवलं: ते वजन मागच्या चाकांवर ८५ होऊन बसतं आणि पुढच्या चाकांवरचे २५ किलो उचलून घेतं. म्हणून मास्तरांचा मुलगा म्हणत होता, उतारावर स्टेअरिंग हलकं लागतं. त्यांच्या गाडीचे तसले स्टँडही मीच बनवले होते.

मोठ्या शहरांतली दुकानं याबद्दल काही विचारत नाहीत, याचा मला खरोखर राग आहे. दोन इंच उंची वाढवणारा संच खोक्यातून काढतात आणि बसवून देतात. गाडीत काय भरणार, कोण कुठं बसणार, एक प्रश्न नाही. छतावर ६५ किलोचा तंबू चढवतात, खाली ३० किलोची बॅटरी. लिथियमची निम्म्याहून हलकी असते हे खरं, पण ती शून्याखाली चार्ज करायची नसते, आणि स्पितीतल्या लोसरला सप्टेंबरअखेरची रात्र शून्याखाली जाते, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? पाणीही लोक भीतीपोटी नेतात. स्पितीत गावोगावी पाणी आहे. २० लिटर पुष्कळ झालं.

आता नव्या गाड्या स्प्रिंगच्या. जिमनी घ्या, २०२० नंतरची थार घ्या. घण मारायला पाटाच नाही. त्या स्प्रिंगच्या पोटात रबरी फुगा बसतो, भार असताना हवा भरायची, आठव्या दिवशी सोडायची. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ तो हातात धरून बसलो. ज्या प्रश्नात माझी इतकी वर्षं गेली, त्याचं उत्तर सायकलच्या पंपानं भरता येत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मत्सर होता तो, दुसरं काही नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. माझ्या कॅरिअरला पुढं पितळी पट्टी असते, माझं नाव आणि साल कोरलेली. २०१७च्या डिसेंबरात केंद्रानं गाड्यांच्या पुढच्या गार्डांवर बंदी आणली तेव्हा गार्ड बनवणं मी खळखळ न करता सोडलं, कारण त्यावर माझं नाव नव्हतं. कॅरिअर मात्र जड पाइपचं करत राहिलो. दिसावं म्हणून. मुलीनं एक उतरवून भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं: ४६ किलो. ॲल्युमिनियमचं निम्म्यात होईल, म्हणाली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

मास्तरांची जिप्सी परवा पुन्हा आली आहे. ते वाढवलेले पाटे मी काढले, कॅरिअर उतरवलं, पट्टीचे रिव्हेट स्वतः कापले. पट्टी कपाटात आहे. हेल्परची फट मी १४ ठेवलीय, मुलगी म्हणते ११ हवी. उद्या सकाळी कॅन भरून काट्यावर जायचं, मग रिकामे करून परत. मागच्या सीटवर बसायला बाई स्वतः येणार आहेत.